आपोआपचे तीस सेकंद

संपत कोळेकर सर नियम समितीचे अध्यक्ष झाले ते हात धुवायला गेल्यामुळे.

यवतला हायवेवरच्या एका ढाब्यात भीमाकाठ विज्ञान मंचाची बैठक चालू होती. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांची रोबोटची स्पर्धा घ्यायची हे ठरलं होतं. वडगाव रासाईच्या शाळेचं मैदान ठरलं होतं, तारीख ठरली होती, मिसळ की वडापाव यावर पाऊण तास जाऊन शेवटी दोन्ही ठरलं होतं. नियम समितीचं तेवढं राहिलं होतं. सर रुमालानं हात पुसत परत आले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून सरांनीही वाजवल्या. त्या आपल्यासाठीच आहेत हे त्यांना खुर्चीवर बसल्यावर कळलं.

"आवो, तुम्ही सायन्सवाले," मंचाचे अध्यक्ष सत्यजीत आप्पा म्हणाले. "तुमच्याबिगर कोन करनार?"

सर अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवत होते. या अठ्ठावीस वर्षांत जनगणना, मतदार यादी, कुत्र्यांची मोजणी आणि एकदा तर हरवलेल्या पाणबुडी पंपाचा शोध, हे सगळं त्यांनी 'तुमच्याबिगर कोण करणार' या एकाच वाक्यावर केलेलं होतं. त्यांनी नियमावलीची झेरॉक्स पिशवीत टाकली.

स्पर्धा तशी समजायला सोपी होती. काळ्या रबराचं बारा बाय बारा फुटांचं मैदान, भोवती वीतभर उंचीची फळी, जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या. दोन शाळांचे गुडघ्याएवढे दोन रोबोट. मैदानात पसरलेले चेंडू ढकलत आपापल्या कोपऱ्यातल्या क्रेटमध्ये न्यायचे. क्रेट म्हणजे आपले टोमॅटोचेच, एका बाजूनं कापलेले. सामना अडीच मिनिटांचा. त्यातली दोन मिनिटं मुलांनी रिमोटनं रोबोट चालवायचा आणि तीस सेकंद रिमोट खाली ठेवायचा. त्या तीस सेकंदांत रोबोटनं, मुलांनी आधी लिहिलेल्या प्रोग्रामप्रमाणे, एकट्यानं काय ते करून दाखवायचं. नियमावलीत याला 'स्वयंचलित कालावधी' म्हटलं होतं. दोन्ही तालुक्यांत पहिल्याच आठवड्यात त्याचं 'आपोआप' झालं.

नियमावलीत चेंडूचं वजन होतं, पट्टीची रुंदी होती, स्क्रूची लांबीसुद्धा होती. फक्त हे आपोआप सामन्याच्या सुरुवातीला घ्यायचं की शेवटी, ते आयोजकांनी स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावं असं म्हटलं होतं. ज्यानं हे लिहिलं त्यानं आमची स्थानिक परिस्थिती कधी पाहिली नसावी. शिरूर आणि दौंड यांच्यामधून भीमा वाहते, आणि अलीकडच्या काठावर जे 'आधी' असतं ते पलीकडच्या काठावर 'नंतर'च असावं लागतं.

त्यात सरांचा जीव गुंतलेला होता, तो हर्षदामुळे. हर्षदा टकले ही नववीतली मुलगी म्हणजे सरांच्या शाळेचा सगळा संघ. बाकीची दोघं चेंडू गोळा करायला आणि फोटोला होती. दिवाळीपासून रोज शाळा सुटली की ती सरांच्या अंगणात यायची, शाळेचा लॅपटॉप उघडायची आणि काळ्या ताडपत्रीवर पांढरी चिकटपट्टी लावून रोबोट सोडायची. रोबोट भिंतीवर जायचा, तुळशीवर जायचा, सरांच्या वडिलांच्या, म्हणजे भिमाआबांच्या, खाटेखाली जाऊन अडकायचा. ती त्याला उचलून आणायची आणि पुन्हा काहीतरी बदलायची. रिमोटवर मात्र तिचा हात बसत नव्हता. तिला डावीकडं जायचं असलं की तो उजवीकडं जायचा, आणि तिच्या रिमोटची एक कळ दाबली की दाबलेलीच राहायची.

उलट यवतच्या शाळेचा सुरज. हा मुलगा उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर बोळातून उलटा काढायचा. त्याच्या हातात रिमोट म्हणजे बाकीच्यांनी घरी जावं. पण प्रोग्राम त्याच्याकडं नव्हताच. आपोआपचे तीस सेकंद त्याचा रोबोट जागच्या जागी उभा राहायचा.

म्हणजे हर्षदाकडं होतं ते एवढंच, तीस सेकंद. पोरीनं चार महिने त्यासाठी घातले होते. एका संध्याकाळी रोबोटचं चाक निखळलं आणि ती रडकुंडीला आली तेव्हा सर म्हणाले, "तुझे तीस सेकंद मी वाया जाऊ देणार नाही. शब्द देतो." सर सहसा कुणाला शब्द देत नसत. पाळावा लागतो हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

आता शब्द पाळायचा तर आपोआप सुरुवातीलाच हवं, याबद्दल सरांच्या मनात शंका नव्हती. सुरुवातीला रोबोट ठरलेल्या चौकटीत, ठरलेल्या दिशेला तोंड करून उभा असतो. शेवटी तो कुठल्या कोपऱ्यात, कुणाला धडकून, कुठं तोंड करून उभा असेल ते देव जाणे. तिथून तो बिचारा काय चालणार? सरांनी हे कागदावर मुद्देसूद लिहून काढलं आणि अंगणात बसून मोठ्यानं वाचलं.

भिमाआबा खाटेवर तंबाखू मळत ऐकत होते. आबांचा जन्म मेंढरामागं गेला होता. आता मेंढरं नव्हती, चार एकर ऊस होता, पण बोलणं अजून मेंढरांचंच होतं.

"संपत, सकाळच्याला मेंढरं आपनहून न्हाई चालत," आबा म्हणाले. "त्यास्नी हाकावं लागतंय. सांजच्याला बघ. कुठंबी आसूंद्या, वाट घावली की तळाकडं वळत्यात. मागं मानूस लागत न्हाई."

"आबा, हे यंत्र आहे."

"व्हय, त्ये दिसतंय मला. चालनारं हाय म्हून म्हनलं."

ताडपत्रीवर बसलेल्या हर्षदानं मान वर केली. "सर, आबा म्हनत्यात ना, त्येच एक सांगायचं व्हतं—"

"उद्या सांग बाळा," सर कागदाची घडी घालत म्हणाले. "मला कवठे येमाईला पोचायचंय सहापर्यंत. दोन शाळांचा पाठिंबा मिळवायचाय. तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

पाठिंबा मिळवण्याच्या या कामात सरांची स्कूटर पुढचे सहा आठवडे दोन तालुक्यांत फिरली. कवठे येमाईच्या मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाले. दुसऱ्या दिवशी यवतच्या राजनंदिनी मॅडम गेल्या, तर त्यांनाही चहा पाजून तेच म्हणाले. राजनंदिनी मॅडम सुरजच्या शाळेत संगणक शिकवायच्या. वयानं सरांच्या निम्म्या, पण वादात सरांना पुरून उरणाऱ्या.

"सर, सुरुवातीला लोक खुर्च्या शोधत असतात," त्या म्हणायच्या. "आपोआप शेवटी ठेवा. सामना रंगेल."

सामना रंगण्याशी त्याचा संबंध नव्हता. शेवटपर्यंत सुरजनं मैदान इतकं साफ केलेलं असणार की आपोआपला ढकलायला चेंडूच उरू नयेत, हा खरा हिशेब होता. सरांना तो कळत होता, आणि सरांना कळतो आहे हे मॅडमना कळत होतं. त्यामुळे दोघंही फार नम्रपणे बोलत.

गावातही ज्याला त्याला मत होतं. शेजारच्या धुरपदाबाईंनी रोबोट फक्त खाटेखाली अडकलेला पाहिला होता, पण "पयल्यांदाच उरकून टाका, मागनं रेंगाळतंय," असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. केस कापणाऱ्यानं सरांच्या मानेवर वस्तरा ठेवून 'शेवटी'ची बाजू मांडली, आणि तेवढ्यापुरतं सरांनी ती मान्य केली. डेअरीवर एकानं विचारलं की मुळात रिमोट असताना आपोआप कशाला? यावर उत्तर देता देता सरांचं दूध नासलं. व्हॉट्सॲपवर 'नियम समिती' नावाचा गट होता. त्यात भांडण झाल्यावर 'नियम समिती अंतिम' झाला, आणि त्यातून राजनंदिनी मॅडम बाहेर पडल्यावर त्यांना घेऊन 'नियम समिती अंतिम नवीन'. तिन्ही गटांवर लोक सकाळी फुलांची चित्रं पाठवत होते.

शेवटी सत्यजीत आप्पांनी तोडगा काढला. साखर कारखान्यात वीस वर्षं संचालक म्हणून काढलेला माणूस. त्यांच्या दृष्टीनं जगात न वाटता येणारी गोष्ट नव्हती.

"आसं करा," ते म्हणाले. "धा सेकंद आधी, धा मधी, धा शेवटी. कुनाचंच मन नको दुखायला."

यावर बैठकीत तीन मिनिटं टाळ्या झाल्या. दहा सेकंदांत रोबोट नुसता जागा होतो, हे समजावून सांगायला सरांना आणखी तीन बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीत राजनंदिनी मॅडमचा घसा बसलेला होता, त्यामुळे ठराव सरांच्या बाजूनं झाला. आपोआप सुरुवातीला. सूचक कवठे येमाई, अनुमोदकही कवठे येमाईच.

सर घरी आले तेव्हा हर्षदा अंगणात थांबली होती.

"जिंकलो!" सर म्हणाले.

"सर, पन मला काय वाटतं, म्हंजी ते सुरुवातीलाच आसलं पायजे आसं—"

"काही काळजी करू नको. आता कुणी बदलू शकत नाही." सरांनी पायातल्या चपला काढल्या आणि तसेच आबांच्या खाटेवर आडवे झाले. हर्षदा लॅपटॉप मिटून घरी गेली.

पण ठराव झाला म्हणजे काम झालं असं फक्त शाळेच्या पुस्तकात होतं. मैदानाच्या परवानगीचा अर्ज घेऊन सर एका कार्यालयात गेले. कोणत्या ते सांगून उपयोग नाही, टेबलं सगळीकडं तीच असतात. तिथल्या भाऊसाहेबांनी अर्ज शेवटपासून वाचायला सुरुवात केली.

"हे तीस सेकंद," ते म्हणाले, "यंत्र कुणाच्या ताब्यात असणार?"

"कुणाच्याच नाही. तेच तर त्यातलं—"

"असं लिहिता येत नाही." भाऊसाहेबांनी पेनानं एक रकाना दाखवला. 'जबाबदार व्यक्ती.' "दोन मिनिटं विद्यार्थ्याच्या ताब्यात, समजलं. मग तीस सेकंद? कुणाच्या पायावर गेलं तर? नाव लागतं."

"प्रोग्राम लिहिणाऱ्याचं म्हणता येईल."

"वय काय त्यांचं?"

"चौदा."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. सरांनी मुकाट्यानं रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. म्हणजे कायद्यानं आता असं झालं, की दोन तालुक्यांतला कुठलाही रोबोट त्या तीस सेकंदांत जे काही करील, ते संपत भिमा कोळेकर यांनी केलं असं समजलं जाणार. "एवढ्यावर भागलं," असं सर प्रतिभावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घरी येऊन म्हणाले. वहिनींनी अठ्ठावीस वर्षं हे वाक्य ऐकलं होतं. त्यांनी फक्त भाकरी वाढली.

स्पर्धेचा दिवस उजाडला. दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला, म्हणजे वेळेवरच. मंडप होता, स्पीकर होता, पुढच्या रांगेत टेरीकॉटच्या कव्हरांच्या खुर्च्या होत्या. नवीन यंत्र म्हटल्यावर त्याची पूजा आली. आमच्याकडं ट्रॅक्टर असो, मोटर असो की दळणाची गिरणी, हळदीकुंकू वाहिल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. पाहुण्यांना मैदानात शिरता यावं म्हणून एका बाजूची फळी आदल्या रात्रीच काढून ठेवली होती. सत्यजीत आप्पांनी पहिल्या सामन्याच्या दोन्ही रोबोटना हार घातले, लिंबू-मिरची बांधली, आणि कपाळ शोधलं. हर्षदाच्या रोबोटला पुढच्या बाजूला दोन गोल काचा होत्या. समोर काही आडवं आलं की थांबायला सांगणारा तो त्याचा डोळा होता. आप्पांना तेच कपाळ वाटलं. त्यांनी दोन बोटांनी भरघोस कुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या.

"आप्पा, तिथं नको—" हर्षदा म्हणाली, पण त्या वेळी ईशस्तवन सुरू झालं.

पूजेपर्यंत ठीक होतं. खरं काम अनसाबाईंनी केलं होतं. अनसाबाई शाळेच्या शिपाई, आणि त्यांच्या रांगोळीला तोड नव्हती. सकाळी साताला त्या आल्या तेव्हा त्यांना मैदानातली पांढरी पट्टी दिसली. ती कडेला, फळी काढलेल्या जागेपाशी येऊन नुसतीच संपत होती. हे त्यांच्या मनाला पटलं नाही. त्यांनी पट्टीच्याच रुंदीची, अगदी दोरी लावल्यासारखी रांगोळी तिथून पुढं ओढली. मंडपाच्या मधोमध काळी ताडपत्री अंथरली होती, तिच्यावरून थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत नेली, आणि शेवटी एक कमळ काढलं. हे सरांनी पाहिलं होतं. छान दिसतंय असंही म्हणाले होते.

पंचांनी शिट्टी वाजवली. आपोआप सुरुवातीलाच, ठरल्याप्रमाणे. सुरजनं रिमोट खाली ठेवला आणि हाताची घडी घातली. त्याचा रोबोट गळ्यात हार घालून जागेवर उभा राहिला. हर्षदानं बटण दाबलं.

रोबोट सुटला. पोटाखालच्या डोळ्यांनी त्यानं पांढरी पट्टी धरली, डौलात वळला आणि चालू लागला. फळी काढलेल्या कडेपाशी, पहिल्या चेंडूजवळ तो पोचला, पण पट्टी तिथं दोन्हीकडं फुटत होती, आणि उजवीकडची अनसाबाईंच्या हातची होती. ती जास्त पांढरी होती. रोबोटनं ती निवडली. फळी परत बसवायची राहून गेली होती, पुढच्या डोळ्यावर कुंकू होतं, त्यामुळे थांब म्हणणारं कुणी नव्हतं. तो मैदानाच्या बाहेर पडला आणि रांगोळीवरून मंडपातून सरळ चालत निघाला. लोकांनी पाय वर घेतले. सत्काराच्या नारळांचं पोतं तिथंच टेकवलेलं होतं, त्यातला एक घरंगळून वाटेत आला होता. गोल वस्तू पुढं ढकलायची, एवढं त्या रोबोटला चांगलं शिकवलेलं होतं. त्यानं तो नारळ ढकलत नेला, कमळापाशी रांगोळी संपली तिथं थांबला, आणि नारळ सत्यजीत आप्पांच्या बुटांना लागला.

तीस सेकंद संपले. आणि मग मंडपात जे टाळ्यांचं वादळ उठलं, तसं त्या शाळेत पूर्वी कधी उठलं नव्हतं.

"मशीननं सत्कार केला!" स्पीकरवरून घोषणा झाली. "सन्माननीय आप्पांचा सत्कार, आपोआप!"

आप्पांनी नारळ उचलून कपाळाला लावला. त्यांना अलीकडंच कारखान्याच्या पॅनेलमधून नारळ मिळालेला होता, म्हणून मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, पण टाळ्यांत ते बुडालं. कागदोपत्री जबाबदार व्यक्ती म्हणून कोळेकर सरांना पुढं ओढण्यात आलं. खांद्यावर शाल आली. फोटोसाठी त्यांना रोबोटशेजारी ओणवं व्हायला सांगितलं.

ओणव्यानंच सरांना हर्षदा दिसली. ती गुणफलकापाशी उभी होती. फलकावर तिच्या शाळेपुढं शून्य होतं. नियमाप्रमाणे मैदानाबाहेर गेलेल्या रोबोटला गुण नसतात, आणि तो नियम सरांनीच समजावून सांगितला होता. ती ओठ दाबून रडत होती, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून फलकाकडं तोंड करून. पुढची दोन मिनिटं सुरजनं रिमोट हातात घेतला आणि अकरा चेंडू नेले. हर्षदाच्या रिमोटची कळ दाबलेलीच राहिली आणि तिचा रोबोट स्वतःभोवती फिरत राहिला. तिचे दोन झाले, तेही फिरता फिरता लागलेल्या धक्क्यानं.

सरांना स्वतःची इतकी लाज वाटली की शाल जड झाली. त्यांनी ती काढून खुर्चीवर ठेवली. सहा आठवडे, चौदा बैठका, तीन गट आणि एक स्कूटरचं टायर, हे सगळं करून त्यांनी पोरीचे तीस सेकंद नेमके हळदीकुंकू आणि रांगोळी यांच्यामध्ये नेऊन ठेवले होते.

"म्या काय केलं सर?" अनसाबाई रडवेल्या झाल्या होत्या. "ती पट्टी अर्धी सोडल्यावानी दिसत व्हती. म्हून पुरी केली."

"तुमचं काही चुकलं नाही," सर म्हणाले, आणि ते खरंही होतं.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी मंडपामागं तातडीची बैठक बोलावली. पंधरावी. हर्षदा आणि सुरज यांचा अजून एक सामना बाकी होता. आपोआप शेवटी घ्यावं, असा ठराव त्यांनी स्वतःच मांडला.

राजनंदिनी मॅडमना वाटलं सर थट्टा करत आहेत. "शेवटी? सर, तुम्हीच म्हणालात ना, शेवटी रोबोट कुठं उभा असेल ते देव जाणे? माझ्याकडं तुमचं ते दोन पानांचं निवेदन आहे!" आणि त्यांनी मोबाइलमधून ते खरोखरच वाचायला सुरुवात केली. आता त्यांना सुरुवातच हवी होती. सुरुवातीला त्यांचं काही जात नव्हतं, हे सकाळी दिसलं होतं. सरांना आपलेच मुद्दे ऐकावे लागले. मुद्दे चांगले होते. सरांना खोडता येईनात.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "मी दमलोय. सुरुवातीला पाहुणे असतात, हार असतात, कपाळ असतं. शेवटी यातलं काही राहत नाही. एवढाच माझा मुद्दा आहे. त्या पोरीला एकदा मोकळ्या मैदानावर चालवून बघू द्या. ती हरली तरी चालेल."

मॅडमनी मोबाइलवरून नजर वर घेतली. सुरज त्यांच्यामागं वडापाव खात उभा होता.

"मॅडम, हूंद्या की शेवटी," तो म्हणाला. "मला बी बघायचंय तिचं. त्ये नारळापत्तूर गेलं ना, येकदाबी पट्टी सोडली न्हाई त्यानं. माझ्या बापाला ट्रॅक्टर आसा सरळ चालवाय येत न्हाई."

मॅडमनी मोबाइल खिशात ठेवला. "चेंडू सहा राखून ठेवू," त्या म्हणाल्या. "शेवटच्या तीस सेकंदांसाठी टाकू. नाहीतर सुरज काही ठेवायचा नाही." सहा आठवड्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. ठराव एकमतानं झाला.

सर हर्षदाकडं गेले. ती रोबोटच्या डोळ्यातलं कुंकू ओल्या कापसानं पुसत होती. त्यांनी तिला सांगितलं, आणि चाचरत विचारलं, "शेवटी घेतलं तर तो कुठंही उभा असेल. जमेल का काही? प्रोग्राम बदलायला वेळ तर नाही आता."

हर्षदानं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बराच वेळ वाट बघून थकलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"बदलायचं न्हाई काय," ती म्हणाली. "त्यो कुठूनबी येतो सर. पयल्यांदा जागच्या जागी फिरून पट्टी हुडकतो. घावली की धरून घरला येतो. वाटंत चेंडू आला तर घेऊन येतो. दिवाळीत आबांनी मेंढरांचं पयल्यांदा सांगितलं ना, तवाच तसं लिवलंय. मी त्येच सांगत व्हते."

पोरगी दोन्ही वेळा काय सांगायला आली होती, ते सरांना आता एकेक करून आठवलं. ती सांगत होती, आणि ते तिच्याचसाठी घाईत होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी तुला विचारलंच नाही."

"आसूंद्या," हर्षदा म्हणाली, आणि तिनं कापूस त्यांच्या हातात दिला. "तुम्ही लिंबू-मिरची सोडा तेवढी. चाकात अडकतीय."

दुसरा सामना साडेचारला झाला. आप्पांना दौंडला दुसरं उद्घाटन होतं, ते गेले होते, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या दोन रांगा गेल्या होत्या. स्पीकरवाला वायर गुंडाळत होता. रांगोळीवरून दिवसभर पावलं फिरून तिचा मागमूसही उरला नव्हता, आणि फळी अनसाबाईंनी स्वतःच्या हातानं बसवून वर दगड ठेवला होता. खुर्च्यांवर आबा आणि दहा-बारा माणसं होती.

दोन मिनिटांत सुरजचे नऊ झाले, हर्षदाचा एक. तिच्या रिमोटनं पुन्हा दगा दिला आणि तिचा रोबोट लांबच्या कोपऱ्यात फळीकडं तोंड करून अडकला. पंचांनी शिट्टी वाजवली, राखलेले सहा चेंडू मैदानात सोडले, दोघांनी रिमोट खाली ठेवले.

रोबोट हलला नाही. मग हळूच मागं सरला आणि फिरायला लागला. एक गिरकी, दुसरी अर्धी. सर फळी धरून वाकले होते. त्या क्षणी त्यांना दोन तालुक्यांतली कुठलीच गोष्ट आठवत नव्हती. रोबोट थांबला, थोडा डावीकडं आला, आणि पोटाखाली पट्टी येताच सरळ निघाला. एक चेंडू घेतला, वळणावर दुसरा, तिसरा. सुरज रिमोट विसरून मोठ्यानं चेंडू मोजत होता. चार चेंडू पुढं घेऊन रोबोट आपल्या क्रेटमध्ये शिरला आणि थांबला. तीन सेकंद उरले होते.

नऊ-पाच. यवत जिंकलं. टाळ्या वाजवायला माणसं फार नव्हती, पण होती ती उभी राहून वाजवत होती, आणि राजनंदिनी मॅडम सगळ्यांत जोरात. हर्षदानं टाळ्यांकडं पाहिलंच नाही. ती फळी ओलांडून आत गेली आणि रोबोटच्या पाठीवर हात ठेवून बसली. सुरज तिच्यापाशी जाऊन म्हणाला, "त्ये फिरून हुडकायचं कसं लिवलंस? मला दाव की." आबा खुर्चीतून म्हणाले, "आलं बघ तळावर," आणि तंबाखू काढली.

संध्याकाळी सर रिकाम्या मंडपात अहवालाचा नमुना भरत बसले. 'स्वयंचलित कालावधी: यशस्वी / अयशस्वी.' त्यांनी अयशस्वी खोडलं. खाली 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव कार्यालयानं आधीच टाइप करून ठेवलं होतं. सरांनी त्यावर रेघ मारली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कु. हर्षदा टकले, इयत्ता नववी.'

आठवड्यानं अहवाल परत आला. वर लाल पेनानं शेरा होता: 'खाडाखोड चालत नाही. तसेच नमूद व्यक्ती अज्ञान (वय १८ पेक्षा कमी). पुन्हा सादर करावा.'

सरांनी नवीन नमुना घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि हर्षदाला हाक मारली.

"इकडं ये," ते म्हणाले. "यात काय लिहायचं, ते आधी तू सांग."